नेम चुकला, दोष कुणाचा?

नाशिकजवळच्या देवळाली छावणीत जहाजाची वाट पाहून गोऱ्या सैनिकांची डोकी फिरत. इंग्रजीतला वेडासाठीचा ‘डूलॅली’ हा शब्द त्यातूनच आला. मला मात्र कुतूहल त्यांच्या रायफलीचं. 1907च्या ली-एनफिल्डची नळी जवळजवळ टोकापर्यंत लाकडात बसवलेली. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नळीला भलत्याच जागी दाबतं. गोळी सुटताना नळी थरथरते. दाब बदलला की थरथरही बदलते, आणि उन्हाळ्यात अचूक असलेली रायफल बाजूला मारू लागते. लाकडी दस्त्याच्या शिकारी रायफलींचंही तेच. पण नेम चुकला की आधी संशय माणसाच्या हातावर! आम्ही कोडमधली चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथेही तेच: नेमबाज तोच, काडतूस तेच, फक्त लाकूड नळीला कुठे टेकतंय ते पाहायचं. आर्मरर तेवढीच जागा हलकेच तासत. ओल शिरू नये म्हणून लाकडाला जवसाचं तेल चोळत.