ड्युअल बूट

एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम बसवायच्या आणि संगणक सुरू करताना त्यांतली हवी ती निवडायची, या व्यवस्थेला ड्युअल बूट म्हणतात. लॅपटॉपवर तिचे नेहमी दिसणारे रूप म्हणजे विकत घेतानाच आलेले विंडोज आणि त्याच्या शेजारी मालकाने स्वतः बसवलेले लिनक्स. मग ते उबुंटू असो, फेडोरा असो की लिनक्स मिंट. दोन्ही सिस्टिम एका वेळी चालत नाहीत. एक चालू असताना दुसरी डिस्कवर निपचित पडून असते, त्यामुळे प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स चिप चालू सिस्टिमच्या पूर्ण ताब्यात राहतात. हाच या व्यवस्थेचा मुख्य फायदा. तरी तिच्याविषयी तक्रारी पुष्कळ ऐकू येतात: लिनक्स बसवल्यावर विंडोज उघडत नाही, विंडोज अपडेट झाले की लिनक्स दिसेनासे होते, घड्याळ चुकते, फाइली वाचता येतात पण बदलता येत नाहीत. या तक्रारी खऱ्या आहेत. मात्र एकेक तपासली तर प्रत्येक बिघाडाचे मूळ एखाद्या सामाईक गोष्टीत सापडते: डिस्कची वाटणी, संगणक सुरू होण्याचा पहिला टप्पा, सुरक्षा चिप, घड्याळ. सामाईक गोष्टी कमीत कमी ठेवाव्यात आणि ज्या टाळता येत नाहीत त्यांच्याबाबत दोन्ही सिस्टिमना एकच नियम लावून द्यावा, ही ड्युअल बूट टिकण्याची खरी अट आहे. लिनक्सचे कोणते वितरण निवडले, याला तुलनेने फारसे महत्त्व नाही.

या तक्रारींचा उगम जुना आहे. हार्ड डिस्कचे पार्टिशन पाडण्याची पद्धत आयबीएमच्या पीसीवर १९८३ साली, डॉसच्या २.० आवृत्तीबरोबर आली. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्डमध्ये, सगळा कारभार बसवलेला होता: ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट खुणेला. चारच मुख्य पार्टिशन आणि सुमारे २ टेराबाइटची कमाल मर्यादा ही त्या ६४ बाइटांची देणगी. पण ड्युअल बूटच्या दृष्टीने खरी अडचण ते ४४६ बाइट होते. संगणक सुरू करणारे बायोस आंधळेपणाने तिथला प्रोग्रॅम चालवी आणि तिथे मावे एकच प्रोग्रॅम. लिनक्सचा बूट लोडर, म्हणजे लिलो किंवा पुढे ग्रब, तिथे बसला की विंडोजकडे जाण्याची वाट त्याच्यामधून जाई. नंतर कुणी विंडोज पुन्हा बसवले की त्याचा इन्स्टॉलर कुणालाही न विचारता ती जागा पुसून स्वतःचा प्रोग्रॅम लिही. आधी विंडोज बसवा, मग लिनक्स, हा जो नियम आजही सांगितला जातो तो याच काळातला. त्या एका सेक्टरवर दोघांचा हक्क होता आणि शेवटी लिहिणारा जिंके.

बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआय या फर्मवेअरने ही परिस्थिती पुष्कळ सुधारली. इंटेलने इटेनियम प्रोसेसरसाठी सुरू केलेले हे काम २००५ साली एका सामाईक मंचाकडे गेले आणि विंडोज ८ च्या काळापासून ते नव्या लॅपटॉपांवर सर्रास आले. यात डिस्कवर फॅट पद्धतीचे एक छोटे पार्टिशन असते. त्याला ईएसपी म्हणतात. प्रत्येक सिस्टिम त्यात आपापल्या नावाचा फोल्डर करते आणि आपली बूट फाइल ठेवते. फर्मवेअर स्वतःच्या मेमरीत या फाइलींची यादी आणि क्रम राखून ठेवते. पार्टिशनांचा तक्ताही बदलला. जीपीटी पद्धतीत एरवी १२८ नोंदींची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. म्हणजे जिथे एकाच्या जागेवर दुसरा लिहीत होता तिथे आता दोन फोल्डर शेजारी शेजारी नांदतात. यावरून कुणी म्हणेल की प्रश्न मिटला. तो बराचसा मिटला, पूर्ण मिटला नाही. ईएसपी अजून एकच असते आणि विंडोज ती अनेकदा अवघी १०० मेगाबाइटची करते. ग्रबची फाइल तेवढ्यात सहज मावते. पण लिनक्सची काही वितरणे कर्नलही ईएसपीतच ठेवतात आणि मग जागा संपते. बूट क्रमही एकच असतो. विंडोजचे मोठे अपडेट आले की त्याचे नाव वर जाऊ शकते, आणि लिनक्स गायब झाले असे वाटते तेव्हा बहुतेक वेळा लिनक्स जागेवरच असते, फक्त यादीत खाली सरकलेले असते. काही लॅपटॉपांचे फर्मवेअर तर यादीकडे दुर्लक्ष करून थेट विंडोजची फाइल शोधते. तिथे दोष त्या फर्मवेअरचा, पण बोल लिनक्सला लागतो.

डिस्कची वाटणी हा त्यानंतरचा मुद्दा. लिनक्ससाठी जागा मोकळी करताना विंडोजचे पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून आवळावे, कारण ती फाइल सिस्टिम त्याची आहे आणि तिच्यातल्या हलवता न येणाऱ्या फाइली कुठे आहेत हे त्यालाच नीट ठाऊक असते. उबुंटू डेस्कटॉपसाठी २५ गिगाबाइट जागा लागते असे त्याचे निर्माते सांगतात. रोजच्या वापराला त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवलेली बरी. इंटेलच्या काही लॅपटॉपांवर डिस्क आरएसटी किंवा व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती दिसतच नाही. तेव्हा घाईने फर्मवेअरमध्ये जाऊन ती सेटिंग बदलली तर पुढच्या वेळी विंडोज उघडत नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना देऊन मग ती बदलावी लागते. याहून फसवा प्रकार फास्ट स्टार्टअपचा. विंडोज ८ पासून शट डाउन म्हटले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून ते झोपी जाते आणि आपले एनटीएफएस पार्टिशन अर्धवट उघडे ठेवते. लिनक्स त्या पार्टिशनवर लिहायला नकार देते आणि ते योग्यच करते, कारण विंडोजच्या आठवणीतली डिस्क आणि प्रत्यक्षातली डिस्क वेगळी झाली तर फाइलींची नासाडी ठरलेली. रीस्टार्ट दिल्यास मात्र विंडोज पूर्ण बंद होते, त्यामुळे हा बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही आणि वापरणारा बुचकळ्यात पडतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर विभागातून फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करणे हा त्यावरचा उपाय आहे. त्याने विंडोज सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागतो, आणि ही किंमत द्यावी.

घड्याळाची तक्रार किरकोळ वाटते, पण सामाईक गोष्टीला एकच नियम हवा हे ती फार स्वच्छ दाखवते. लॅपटॉपमधल्या बॅटरीवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ आहे असे मानते आणि लिनक्स जागतिक प्रमाणवेळ आहे असे मानते. दोघांचेही गृहीतक आपापल्या जागी सुसंगत आहे. परिणाम असा की लिनक्समधून परतल्यावर भारतात विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. दुपारचे बारा वाजले असता सकाळचे साडेसहा. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ पाळायला सांगता येते, पण लिनक्सचे जाणकार याला नापसंती दाखवतात. त्यांचा आक्षेप उन्हाळी वेळेचा आहे: वर्षातून दोनदा घड्याळ बदलते त्या देशांत दोन्ही सिस्टिम तोच बदल आपापल्या परीने करू पाहतात. भारतात उन्हाळी वेळ नसल्यामुळे हा आक्षेप इथे लागू होत नाही. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाने मात्र विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंद करून दोन्हीकडे जागतिक वेळच ठेवणे शहाणपणाचे.

सर्वांत अवघड सामाईक गोष्ट म्हणजे विश्वास. सिक्युअर बूट ही व्यवस्था यूईएफआयच्या २०११ च्या आवृत्तीत आली आणि २०१२ पासून विंडोज ८ बरोबर लॅपटॉपांवर पसरली. ओळखीची सही नसलेला प्रोग्रॅम सुरूच होऊ द्यायचा नाही, असे तिचे काम. आणि बहुतेक लॅपटॉपांत ओळखीच्या सह्या मायक्रोसॉफ्टच्या असतात. लिनक्सची वाट मॅथ्यू गॅरेट यांनी लिहिलेल्या शिम या छोट्या प्रोग्रॅमने मोकळी केली: शिमवर मायक्रोसॉफ्टची सही, शिमच्या पोटात वितरणाची किल्ली, आणि त्या किल्लीने पुढे ग्रबची तपासणी. साखळी उत्तम आहे, पण तिची मधली कडी दुसऱ्याच्या हाती आहे. २०२० साली ग्रबमध्ये बूटहोल नावाची मोठी त्रुटी सापडली. धोक्याच्या जुन्या फाइलींची यादी फर्मवेअरच्या तुटपुंज्या जागेत किती वाढवणार, म्हणून त्यानंतर पिढीचा क्रमांक पाहून जुन्या आवृत्त्या नाकारण्याची पद्धत निघाली. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने हाच क्रमांक पुढे नेला. ड्युअल बूट असलेल्या संगणकांना हा बदल लागू होणार नव्हता. प्रत्यक्षात काही संगणकांवरचे ड्युअल बूट ओळखताच आले नाही आणि तिथले लिनक्स सुरू होईना. मायक्रोसॉफ्टनेही ही चूक मान्य केली. एका सिस्टिमने सामाईक विश्वासाचा नियम बदलला आणि दुसरी बाहेर पडली, याचे याहून ठळक उदाहरण नाही.

यावर सहज सुचवला जाणारा तोडगा म्हणजे सिक्युअर बूट बंद करून टाकणे. तो कायमचा म्हणून स्वीकारू नये. ज्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा विंडोजचे डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे तिथे डिस्कची किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये असते आणि सुरुवातीच्या टप्प्यात काही बदलले तर चिप ती किल्ली देत नाही. मग ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजवर हे एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू होते, आणि आपली डिस्क कुलूपबंद आहे हे मालकाच्या गावीही नसते. म्हणून कुठलाही बदल करण्यापूर्वी ही की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवून ठेवावी. या साऱ्या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. त्याच कारणाने ग्रबच्या मेनूतून विंडोजकडे गेल्यास बिटलॉकर अनेकदा की मागतो, तर फर्मवेअरच्या बूट मेनूतून थेट विंडोज निवडल्यास मागत नाही. ग्रबचा मेनू सोयीचा आहे खरा, पण तो विंडोजच्या वाटेत लिनक्सला उभे करतो. एफ१२, एफ९ किंवा लॅपटॉपनुसार जी की असेल ती दाबून निवड करण्याचा छोटासा त्रास घेतला तर दोन्ही वाटा स्वतंत्र राहतात.

एवढी खटपट कशाला, व्हर्च्युअल मशीन किंवा विंडोजमधले डब्ल्यूएसएल पुरे, हा आक्षेप वजनदार आहे. २०१९ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत डब्ल्यूएसएल खरे लिनक्स कर्नल चालवते, आणि प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे बहुतेक काम त्यात भागते. त्याने ड्युअल बूटच्या वाटेला जाऊ नये. परंतु ८ गिगाबाइट मेमरीच्या लॅपटॉपवर दोन सिस्टिम एकाच वेळी चालवल्या की दोघींची उपासमार होते; ग्राफिक्स चिपचे पूर्ण बळ आतल्या सिस्टिमला सहसा मिळत नाही; आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या विंडोजला धोका असेल तर आतले लिनक्स त्याला वाचवत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. टीपीएम २.० किंवा मान्य यादीतला प्रोसेसर नाही म्हणून विंडोज ११ न चालणारे लॅपटॉप अजून धडधाकट आहेत. मग पूर्ण लिनक्सच का नको? मराठी मुद्रण आणि संपादनाच्या क्षेत्रात याचे उत्तर लगेच मिळते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम आणि पेजमेकर यांवर वर्षानुवर्षे तयार झालेल्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत. त्या उघडायला, सुधारायला विंडोज लागते. नवे मराठी लेखन मात्र युनिकोडमध्ये होते आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्ही सिस्टिमवर सारखाच आहे, त्यामुळे बोटांची सवय मोडत नाही. जुना साठा विंडोजमध्ये इंटरनेटशिवाय हाताळायचा, इंटरनेट आणि नवे लेखन लिनक्समध्ये करायचे, ही वाटणी अशा ठिकाणी पूर्णपणे समर्थनीय ठरते.

लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची खाच असेल तर प्रत्येक सिस्टिमला स्वतंत्र डिस्क आणि त्या डिस्कवर स्वतंत्र ईएसपी देणे ही सर्वोत्तम मांडणी. लिनक्स बसवताना विंडोजची डिस्क काढून ठेवावी किंवा बूट फाइल कुठल्या डिस्कवर जाते आहे हे डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण इन्स्टॉलर ती पहिल्या डिस्कवरच्या ईएसपीत टाकण्याची शक्यता असते. सामाईकपणा किती कमी करता येतो हे ॲपलने दाखवले आहे. इंटेलच्या मॅकवर २००६ पासून बूट कॅम्पने विंडोजची सोय दिली. २०२० पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ती राहिली नाही. पण त्याच चिपवर प्रत्येक सिस्टिमचे सुरक्षा धोरण वेगवेगळे ठेवता येते, आणि ‘असाही लिनक्स’ नावाचा प्रकल्प मॅकओएसची सुरक्षा जराही सैल न करता तिच्या शेजारी लिनक्स बसवतो. विंडोज लॅपटॉपांच्या फर्मवेअरमध्ये अशी सोय नाही, आणि ती यायला हवी.

लिनक्स काढून टाकण्याचा प्रसंगही येतो आणि त्यात घाई झाली तर सगळ्या काळजीवर पाणी पडते. पार्टिशन आधी पुसले आणि बूट क्रमात ग्रब वरच राहिला तर लॅपटॉप ग्रब रेस्क्यूच्या काळ्या पडद्यावर अडकतो, कारण ग्रबचा उरलेला भाग त्या पुसलेल्या पार्टिशनवर होता. म्हणून आधी फर्मवेअरमध्ये विंडोजचे नाव वर घ्यावे, विंडोज थेट सुरू होते याची खात्री करावी, ईएसपीतला लिनक्सचा फोल्डर काढावा आणि सर्वांत शेवटी पार्टिशन पुसावे.