घोंगडी : आपल्या हातांची विद्या

पुण्यश्लोक अहिल्यादेवी (१७२५–१७९५) यांचे स्मरण समाज दरवर्षी भक्तिभावाने करतो. परंतु जो इतिहास ग्रंथांत न राहता घरोघरी खांद्यावर राहिला, त्याचे स्मरण क्वचितच होते. तो इतिहास म्हणजे घोंगडी होय.

दख्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ व बहुधा काळी. वर्षातून दोनदा मेंढ्या ओढ्यात धुऊन कातरीत. लोकर धनुकलीने पिंजली जाई व स्त्रिया चरख्यावर सूत कातीत. ताण्याला चिंचोक्यांची खळ देऊन कुंच्याने सारखा करीत आणि उन्हात वाळवीत. मग खड्ड्याच्या मागावर विणकाम चाले. ताण्यासाठी खुंटे रोवीत, त्यावरूनच आपल्या विणकर शाखेस ‘खुटेकर’ हे नाव पडले, असे जाणते सांगतात. सणगर बंधूंचाही हाच व्यवसाय.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात घरच्या हातमागावर विणलेले लोकरीचे कापड मध्ययुगापासून नदीकाठच्या गिरणीत जाई. तेथे पाण्याच्या चक्राने उचललेले लाकडी हातोडे ते कुटून घट्ट करीत. पाण्याची ही शक्ती आपल्याकडे अज्ञात नव्हती. अठराव्या शतकात छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून धान्य दळीत. मग लोकरीस पाण्याचे चक्र का लाभले नाही? माझ्या मते, आपले कळप चाऱ्यामागे फिरते आणि कुंडलिकेसारख्या आपल्या नद्या उन्हाळ्यात आटणाऱ्या. म्हणून चक्राचे सारे कष्ट माणसांच्या हातांवर, विशेषतः आपल्या माताभगिनींच्या हातांवर आले. घोंगडीचे मोल करताना हे विसरू नये.

पुढे गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आली. आज कातरणीची मजुरीही लोकरीच्या विक्रीतून अनेकदा सुटत नाही. मांसासाठी माडग्याळ जातीची मेंढी अनेकांना परवडते. १९७८ साली शासनाने स्थापिलेले मेंढी व शेळी विकास महामंडळ अहिल्यादेवींचेच नाव धारण करते. परंतु घरातील विद्या कोणतेही महामंडळ राखू शकत नाही.

वेल्समध्ये गिरण्या बंद पडू लागल्या, तेव्हा १९७६ साली एका जुन्या गिरणीतच लोकर-संग्रहालय उभे राहिले. आपणांस एवढे तरी करता येईल : ज्या घरी माग असेल, त्यांनी तो सरपणात घालू नये आणि घरातील वृद्धांकडून प्रत्येक हत्याराचे नाव व उपयोग वहीत उतरवून घ्यावा. भिजलेली घोंगडी लवकर वाळत नाही, म्हणून लांबलेल्या कामास लोक ‘भिजत घोंगडे’ म्हणतात. निदान घोंगडीचे हे काम तरी आपण तसे ठेवू नये.