जुनी स्पोर्ट्स कार, वाढीव वॉरंटी आणि सावित्रीचे पाणी

जुन्या मोटारीचा सौदा ठरत आला की विक्रेता एक शेवटचा कागद पुढे करतो. तो वाढीव वॉरंटीचा. गाडी साधी असेल तर ग्राहक त्यावर फारसा विचार करीत नाही. गाडी स्पोर्ट्स प्रकारातली असेल तर मात्र आकडा मोठा असतो आणि मनात धाकधूकही असते. एखादा टर्बो किंवा गिअरबॉक्स गेला तर होणारा खर्च छोट्या नव्या गाडीच्या किमतीजवळ जाऊ शकतो. त्यामुळे ‘एवढे दिलेच आहेत, आणखी थोडे देऊ’ असे म्हणून सही होते. ही सही करण्यापूर्वी गाडी वर्षभर कोठे उभी राहणार आणि कोणत्या रस्त्यांवर धावणार, हा प्रश्न विचारला पाहिजे. मुंबई, ठाणे किंवा पुण्यात राहणाऱ्या आणि गणपतीला, शिमग्याला महाड-पोलादपूरकडे गाडी काढणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत तर निर्णय या एका प्रश्नावरच फिरतो.

‘वॉरंटी’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. नव्या गाडीसोबत उत्पादक देतो ती वॉरंटी गाडीच्या किमतीतच धरलेली असते. वाढीव वॉरंटी हा स्वतंत्र पैसे मोजून केलेला दुरुस्तीचा करार असतो. अमेरिकेत या दोहोंत कायद्याने फरक केला असून पैसे देऊन घेतलेल्या कराराला तेथे सेवा करार म्हणतात. आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. करार कोणाशी होतो, हेही पाहावे लागते. तो कधी उत्पादकाशी, कधी विक्रेत्याशी, तर कधी तिसऱ्याच कंपनीशी झालेला असतो. कागदाच्या शेवटी बारीक अक्षरांत छापलेले नाव वाचल्याशिवाय पैसे कोण देणार हे कळत नाही.

विमा कोठे संपतो, वॉरंटी कोठे सुरू होते

भारतातील मोटार विम्याच्या प्रमाणित मजकुरात, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आग, चोरी, अपघात यांच्याबरोबर पूर, वादळ, भूस्खलन आणि दरड कोसळणे यांचा स्पष्ट उल्लेख असतो. त्याच मजकुरात पुढे झीज, घसारा, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि परिणामजन्य हानी या गोष्टी वगळलेल्या असतात. वाढीव वॉरंटीचा कागद याच्या नेमका उलट असतो. गाडीच्या आतून उद्भवलेला यांत्रिक वा विद्युत बिघाड ती भरून देते. अपघात, पूर, दगड, खड्डा अशा बाहेरून आलेल्या आघातांकडे मात्र ती पाहत नाही. बाहेरच्या संकटाची जबाबदारी विम्याकडे आणि आतल्या बिघाडाची वॉरंटीकडे, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी महाड तालुक्याच्या नकाशावर ठेवून पाहिली की बरेच उलगडते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री, गांधारी व काळ नद्यांच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. जुलै २००५ मध्येही या परिसराने पूर आणि दरडी एकाच वेळी सोसल्या होत्या. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, त्यात एसटीच्या दोन बसगाड्या प्रवाशांसह गेल्या. पोलादपूरच्या पुढे रत्नागिरीकडे जाताना कशेडी, महाबळेश्वरकडे चढताना आंबेनळी आणि महाडहून भोरकडे जाताना वरंध हे घाट लागतात. पावसाळ्यात दरडींमुळे या घाटांतली वाहतूक अनेकदा थांबते. या भागात गाडीवर येणारी मोठी संकटे बाहेरून येतात, आणि वाढीव वॉरंटी त्यांपैकी एकाचाही खर्च देत नाही.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत पाण्याचा धोका अधिक असतो. अशा अनेक गाड्यांचा तळ जमिनीपासून अकरा ते तेरा सेंटिमीटरच उंच असतो. आपल्याकडच्या सामान्य छोट्या गाडीत हे अंतर सोळा-सतरा सेंटिमीटरच्या आसपास असते. काही मॉडेलांत इंजिनाला हवा घेणारे तोंडही खालच्या बाजूला असते. रस्त्यावर साचलेले पाणी त्यातून सिलिंडरमध्ये गेले की पिस्टन वर येताना अडतो, कारण हवेसारखे पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, प्रसंगी इंजिनाचा ब्लॉक फुटतो. वर्कशॉपमध्ये याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला की बहुतेक वेळा हे घडते.

अशा वेळी मालकाची दोन्हीकडून कोंडी होते. पुराचे पाणी कारण असल्याने वॉरंटी कंपनी हात वर करते. विमा कंपनी गाडीची सफाई, आसने व वायरिंग यांचा दावा मान्य करते, पण इंजिन गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात गेले, म्हणून ती परिणामजन्य हानी ठरवून नाकारू शकते. ही फट बुजवण्यासाठी विम्यासोबत ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचे जादा संरक्षण मिळते. ते वाढीव वॉरंटीपेक्षा सहसा बरेच स्वस्त असते. मात्र ठरावीक वयापुढच्या गाडीला ते मिळत नाही, आणि कंपनीगणिक त्याच्या अटी बदलतात. सावित्रीच्या काठी गाडी ठेवणाऱ्याने पहिला खर्च येथे करावा, वॉरंटीचा विचार त्यानंतर.

घसाऱ्याचेही गणित ध्यानात घ्यावे लागते. पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीच्या धातूच्या सुट्या भागांवर विमा कंपनी ४० टक्के, तर रबर, प्लॅस्टिक व बॅटरीवर ५० टक्के घसारा कापते. परदेशी बनावटीच्या गाडीचा एक बंपर आणि दोन दिवे बदलायचे झाले तरी ही कपात जाणवते. घसारा न कापण्याचे जादा संरक्षण नव्या व तुलनेने तरुण गाड्यांनाच मिळते. मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या चौपदरीकरणात अनेक पावसाळे खड्ड्यांत गेले. खड्ड्यात केवळ टायर फुटला, गाडीला अन्य काही झाले नाही, तर मूळ विमा त्याचे पैसे देत नाही. वॉरंटी तर टायरला झिजणारा भागच मानते.

मग वॉरंटी घ्यायची कशासाठी?

बाहेरची संकटे बाजूला ठेवली तरी एक खरा प्रश्न उरतो. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये आतून होणारे बिघाड महागच असतात, आणि काही मॉडेलांचे आजार सर्वज्ञात आहेत. फोक्सवॅगन समूहाचा कोरड्या क्लचचा सात गतींचा डीएसजी गिअरबॉक्स हे त्याचे ठळक उदाहरण. चीनमधील तक्रारींनंतर कंपनीने २०१२ मध्ये तेथे त्याची वॉरंटी दहा वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत वाढवली आणि २०१३ मध्ये ३,८४,००० हून अधिक गाड्या परत बोलावल्या. त्याच जातकुळीचा गिअरबॉक्स चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये होता. ही गाडी २०२२ पासून बनत नाही, तरी वेगाची आवड असलेल्या मराठी तरुणांत तिला अजून मागणी आहे. कोरडा क्लच संथ, थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत तापतो. गणपतीच्या गर्दीत माणगावपासून पोलादपूरपर्यंत रांगेत सरकणारी गाडी त्याची कसोटीच पाहते. पोर्शेच्या १९९० च्या दशकाअखेरीच्या व त्यानंतरच्या काही बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांत इंजिनाच्या मधल्या शाफ्टचे बेअरिंग तुटून सगळे इंजिन निकामी होत असे. अशी गाडी घेणाऱ्याने ते बेअरिंग बदलले आहे का, याची पावतीच मागावी.

जुन्या गाडीच्या बाजारात विक्रेत्याला जे ठाऊक असते ते खरेदीदाराला नसते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये नेमके हेच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाईट गाड्या चांगल्या गाड्यांना बाजारातून हुसकावतात, आणि विक्रेत्याने दिलेली हमी हा त्यावरचा एक उपाय आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथे ‘विक्रेत्याने दिलेली’ या शब्दांना महत्त्व आहे. उत्पादकाच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या योजनेत तपासणी करून, किमतीतच धरून दिलेली वॉरंटी गाडीबद्दल काही सांगते, कारण गाडी खराब निघाली तर नुकसान देणाऱ्याचे होते. ग्राहकाने वेगळे पैसे मोजून तिसऱ्या कंपनीकडून घेतलेला कागद गाडीबद्दल काहीच सांगत नाही.

किमतीचा हिशेब अवघड नाही. समजा, एका वर्षाच्या वॉरंटीला ६०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०,८०० रुपये पडतात. ज्या बिघाडाची भीती आहे त्याचा खर्च तीन लाख आहे. तर तो बिघाड वर्षभरात होण्याची शक्यता सुमारे २४ टक्के, म्हणजे चारांत एक एवढी असेल, तरच हा व्यवहार बरोबरीत सुटतो. करारात एका दाव्याची कमाल मर्यादा दीड लाख असेल, तर हीच शक्यता ४७ टक्क्यांवर जाते. इतकी शक्यता असलेली गाडी मुळात घ्यावीच कशाला? अर्थात, तीन लाखांचा फटका ज्याला एकरकमी सोसणार नाही, त्याने थोडे अधिक मोजून निश्चिंती घेतली तर ते गैर नाही. ज्याला सोसेल त्याने तेवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवावी. बिघाड झाला नाही तर ती त्याचीच राहते.

करारातील काही कलमे महाड-पोलादपूरच्या संदर्भात विशेष बारकाईने वाचावीत. दुरुस्ती अधिकृत वर्कशॉपमध्येच आणि कंपनीची पूर्वपरवानगी घेऊनच करावी लागते. महागड्या परदेशी गाड्यांची अशी वर्कशॉपे मुंबई, नवी मुंबई व पुण्यात आहेत, म्हणजे महाडहून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. टोइंगचा खर्च किती किलोमीटरपर्यंत मिळतो, हे कागदावर हवे. घाईत स्थानिक मेकॅनिकने झाकण उघडले तरी दावा फेटाळला जाऊ शकतो. महाडच्या मेकॅनिकच्या हुशारीचा येथे प्रश्न नाही, प्रश्न कागदाचा आहे. बिघाड शोधण्यासाठी इंजिन उघडण्याचा खर्च कोणाचा, तेही आधी विचारावे. बिघाड करारात बसत नसेल तर तो सहसा ग्राहकाच्या माथी येतो. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी वगळलेली असतातच. इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी सॉफ्टवेअर बदलले असेल किंवा आवाजी सायलेन्सर बसवला असेल, तर संपूर्ण वॉरंटीच धोक्यात येते. स्पोर्ट्स कारच्या आधीच्या मालकाने असे काही केले नसेल, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरते.

सर्वांत अधिक वाद ‘आधीपासून असलेला दोष’ या कलमावर होतात. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येते. काही महिन्यांनी तिच्या वायरिंगला गंज चढतो, आणि तेव्हा वॉरंटी कंपनी दोष जुना असल्याचे म्हणते. म्हणून पैसे देण्यापूर्वी गालिचा उचलून खालचा गाळ पाहावा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावरची पाण्याची रेघ शोधावी, आसनांखालच्या पट्ट्यांवरचा गंज आणि दिव्यांच्या आतला दमटपणा तपासावा. आधीच्या विमा दाव्यांची माहिती विक्रेत्याकडून लेखी घ्यावी. स्वतंत्र मेकॅनिककडून केलेली तपासणी आणि त्याचा तारखेसह अहवाल हाती असेल, तर पुढे हाच कागद ग्राहकाच्या बाजूने बोलतो.

व्यवहार झाल्यावर वेळेच्या मर्यादा पाळाव्या लागतात. विमा पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. चालू वाढीव वॉरंटीही आपोआप नावावर होत नाही. काही योजनांत हस्तांतराची फी भरावी लागते, तर काहींत मालक बदलताच ती संपते. महाड-पोलादपूरच्या पत्त्यावर नोंदणी हवी असल्यास पेणचे परिवहन कार्यालय आणि एमएच-०६ ही मालिका लागू होते.

दावा अन्यायाने नाकारला गेला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करू शकतो, म्हणजे महाडच्या रहिवाशाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. रायगड जिल्हा आयोग अलिबागला आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असलेली प्रकरणे जिल्हा आयोगाकडे चालतात, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. एखाद्या खासगी मालकाकडून थेट गाडी घेतली असेल तर त्याच्याविरुद्ध हा मार्ग सहसा उपलब्ध नसतो, मात्र वॉरंटी विकणाऱ्या कंपनीविरुद्ध तो खुला राहतो. तक्रारीसोबत कराराची पूर्ण प्रत, सर्व्हिसच्या पावत्या आणि दावा नाकारल्याचे लेखी पत्र जोडावे लागते. तोंडी नकार मिळाला असल्यास ई-मेल करून तो आधी लेखी मागून घ्यावा.