ताकद तीच, गिअर वेगळे

बोईसरच्या फलाटावर डहाणू लोकलची वाट बघताना समोरून कधी मालगाडी जाते, कधी सुसाट राजधानी. बऱ्याचदा या दोघींची इंजिनं सख्खी भावंडं असतात!

चित्तरंजनच्या कारखान्यात १९९८ पासून डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं इंजिन बनू लागलं. ताकद ६,००० अश्वशक्तीच्या वर, वेग ताशी १०० किलोमीटर. २००० च्या सुमारास त्यातूनच प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूएपी-७ निघालं. मुख्य बदल गिअरचा. आधी चाकाच्या एका फेरीला मोटर पाचेक वेळा फिरायची, आता ३.६ वेळा. वेग १४० वर गेला, पण सुरुवातीची ओढ साधारण ४६० वरून ३२३ किलोन्यूटनवर आली. फुकट काहीच मिळत नाही!

ड्रॅग रेसच्या गाडीतही हाच सौदा. फक्त विजेची मोटर जागेवरूनच पूर्ण जोर लावते, पेट्रोल इंजिन कमी फेऱ्यांवर मरगळतं. म्हणून तिथे टॉर्क कन्व्हर्टर. त्यातल्या तेलामुळे गाडी उभी असतानाही इंजिन फेऱ्या वाढवू शकतं आणि सुटताना चाकाला वाढीव जोर मिळतो.

तेव्हा गिअर निवडण्याआधी ठरवा: ओढायचंय किती आणि पळायचंय किती?