घामाचा हक्क आणि कराचा पैसा

१९७५ साली दोन ठिकाणी एकाच प्रश्नाला हात घातला गेला: राबूनही ज्याचे घर चालत नाही त्याला राज्याने काय द्यावे? अमेरिकेने मुले असलेल्या, कमी मिळकतीच्या कष्टकऱ्याला कमाईच्या १० टक्के, जास्तीत जास्त ४०० डॉलर, कराच्या हिशेबातून द्यायचे ठरवले. त्याने आयकर भरलेला नसला तरी. महाराष्ट्राने नोकरदार-व्यापाऱ्यांवर व्यवसाय कर बसवला आणि तो रोजगार हमीसाठी राखला. सरकारने त्यात तेवढीच भर घालायची होती.

आपल्या निर्णयामागे १९७२चा दुष्काळ होता. उस्मानाबाद जिल्ह्यात (आजचा धाराशिव; लातूर तेव्हा त्यातच होते) माणसे खडी फोडत होती, पाझर तलावांची माती वाहत होती. मिलो आणि सुकडीवर लेकरे जगली. निजामी अमलात वेठ वाहिलेल्या आमच्या वस्त्यांना या कामाचा अर्थ निराळा होता. हजेरीपटावर आपले नाव होते. कामासाठी वाड्यापुढे उभे राहावे लागत नव्हते. २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला आणि काम मागणे हा हक्क झाला. बाईचा दर पुरुषाएवढाच ठरला.

पण मजुरी मोजमापावर होती. खोदलेली माती मोजली जाई, घरातली खाणारी तोंडे नव्हेत. अमेरिकेने लेकरू पाहिले, पण काम नसलेल्या बापाला काही दिले नाही. आपण काम दिले, लेकराचा वाटा मात्र मजुरीत धरला नाही. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच हक्काच्या आहेत, आणि तो हक्क आपल्याला अजून पुरा मागायचा आहे.