शब्द जेव्हा नाव होतो

मुलासाठी रूढ नावे सोडून एखादा शब्दच नाव म्हणून निवडू पाहणारे आईबाप आम्हांस बाप्तिस्म्याच्या वेळी भेटतात. ही ओढ नवी नव्हे. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमधील काही प्युरिटन कुटुंबांनी संतांची नावे टाळून विश्वासाचे शब्दच मुलांना दिले. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजाने अमेरिकेस गेलेल्या विल्यम ब्रूस्टर यांचे दोन पुत्र होते 'लव्ह', म्हणजे प्रीती, आणि 'रेसलिंग', म्हणजे झुंज. दुसऱ्या नावाने देवाशी झुंजणारा याकोब आठवतो. १६३९ साली जन्मलेले इन्क्रीज मॅदर यांच्या नावाचा अर्थ 'वृद्धी'. योसेफ या इब्री नावाशी तो जुळतो. पुढे ते हार्वर्डचे अध्यक्ष झाले. लंडनचे चामड्याचे व्यापारी बेअरबोन यांचे नाव 'प्रेज-गॉड', म्हणजे 'देवाची स्तुती कर'. आडनावाचा ध्वनी मात्र 'उघडे हाड'. १६५३ च्या संसदेस विरोधकांनी 'बेअरबोनची संसद' म्हणून हिणवले.

नाव ही आईबापांची प्रार्थना खरी. पण ते आयुष्यभर वाहावयाचे मुलाला. म्हणून दोन शब्दांत निवड अडल्यास दोन्ही आडनावासह मोठ्याने उच्चारावेत, आणि ज्याचा अर्थ मुलगा उद्या न संकोचता सांगू शकेल, तोच नोंदवहीत लिहावा.