रॉड कुठला लावायचा?

बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेज गाडी १९११ साली लातूरला पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांसाठी आखलेल्या या गाडीच्या वाघिणींचे सांगाडे पोलादी पत्रे साच्यात दाबून घडवलेले आणि रिव्हेट ठोकून जोडलेले होते. वेल्डिंगला कुठला रॉड लावायचा, हा प्रश्न लातुरात तेव्हा कुणाला पडायचं कारणच नव्हतं. तिकडे स्वीडनमध्ये मात्र तो उभा राहिला होता. १९०४ साली ‘इसाब’ कंपनी काढणारे ऑस्कर केलबर्ग बॉयलर आणि जहाजं दुरुस्त करताना उघड्या लोखंडी तारेच्या ठिसूळ जोडांना वैतागले होते. काही वर्षांतच त्यांनी खनिजांच्या लगद्यात बुडवून वाळवलेल्या तारेचं पेटंट घेतलं. हा लेप जळताना वायूचं कवच तयार करतो, वितळलेल्या धातूवर मळीची साय धरतो आणि जोडात मिश्रधातूही सोडतो. तेव्हापासून तारेइतकाच लेपही निवडावा लागू लागला.

भारतात हा माल घरचा झाला तो स्वातंत्र्यानंतर. जे. बी. अडवानी आणि स्वित्झर्लंडची ओरलिकॉन यांनी १९५१ साली मुंबईत अडवानी-ओरलिकॉन ही कंपनी काढली. तिचे ‘ओव्हरकॉर्ड’ आणि ‘सुपरसिटो’ हे रॉड पुढे वर्कशॉपांच्या तोंडी बसले.

मराठवाड्यात या रॉडची खरी परीक्षा घेतली ती साखर कारखान्यांनी. नांदेड जिल्ह्यात शंकरनगरचा गोदावरी मनार असो की लातूरजवळ विलासनगरचा मांजरा, कुठल्याही कारखान्याच्या आवारात शंभर पावलं चाललं तरी चार जातींचे धातू भेटतात. रसाच्या टाक्या आणि प्लॅटफॉर्म साध्या पोलादाचे. त्यांना ६०१३ क्रमांकाचा रॉड पुरतो. बॉयलरच्या नळ्यांना १९५० ची इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स लागू. तिथे परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवलेल्या वेल्डरलाच हात लावता येतो. तडा गेलेल्या बिडाच्या कास्टिंगला निकेलचा रॉड लागतो. तोही इंच-इंच टाके घालत, प्रत्येक टाक्यावर हातोडीने हलके ठोके देत आणि जोड थंड होण्याची वाट पाहत चालवायचा.

सगळ्यात अवघड काम मिलच्या रोलरचं. ऊस दाबणारे हे रोलर बिडाचे असतात आणि मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात. त्यांचे दात घासून गुळगुळीत झाले की ऊस आत ओढला जात नाही, तो घसरतो. म्हणून गळीत हंगामात मिल चालू असतानाच ‘आर्किंग’ करतात. रोलर फिरतोय, दातांवरून आंबट रस ओघळतोय आणि वेल्डर त्या ओल्या बिडावर रॉड टेकवून धातूचे बारीक बारीक दाणे पेरत जातो. त्यासाठीचा रॉड ओल्यावरही पेटला पाहिजे, आणि त्याचा दाणा क्रोमियम कार्बाइडने इतका कडक झाला पाहिजे की वाळू-मातीसकट येणाऱ्या उसापुढे टिकेल. ‘लोखंडाला लोखंडाचा रॉड’ या हिशेबाने इथे भागत नाही.

एवढी विविधता पाठ ठेवणं कठीण, म्हणून डब्यावर अंक आले. ६०१३ मधला ६० म्हणजे चौरस इंचाला ६०,००० पौंड ताण सोसण्याची ताकद, १ म्हणजे आडवं-उभं-डोक्यावर कसंही चालतं, आणि शेवटचा आकडा लेपाची जात सांगतो. भारतीय मानक आयएस ८१४ नुसार याच जातीच्या डब्यावर ईआर ४२११ असं छापलेलं असतं. त्यातला ‘आर’ म्हणजे रुटाइलचा लेप. रेल्वेने आयआरएस एम-२८ ही आपली वेगळी वर्गवारी केली.

स्टेनलेस स्टीलपुढे मात्र हे अंकही अपुरे पडत होते. १९४९ साली अमेरिकेत अँटन शेफलर यांनी एक नकाशा प्रसिद्ध केला. आडव्या अक्षावर क्रोमियम आणि त्याच्यासारखं वागणारी मूलद्रव्यं, उभ्या अक्षावर निकेल आणि त्याचे सोबती. जोडायचे दोन धातू आणि रॉड असे तीन बिंदू मांडले की जोड कुठे पडेल, तो ठिसूळ होईल की तडकेल, याचा अंदाज पट्टीने रेघा मारून यायचा. पुढे या नकाशात नायट्रोजनचा हिशेब आला आणि १९९२ साली डब्ल्यूआरसी ही सुधारित आकृती निघाली.

पट्टी-पेन्सिलीचं हे काम संगणकाकडे जाणं ओघानंच आलं. १९८० च्या दशकात अमेरिकन वेल्डिंग इन्स्टिट्यूटने ‘वेल्डसिलेक्टर’ नावाची प्रणाली बनवली. धातू कोणता, जाडी किती, जोड कुठल्या स्थितीत, असे प्रश्न विचारायचे आणि ‘असं असेल तर हे वापरा’ अशा नियमांच्या साखळीतून रॉड सुचवायचा, ही तिची रीत. आज रॉड बनवणाऱ्या कंपन्यांची मोबाइल ॲप हेच करतात. शेफलरचा नकाशाही त्यांत बोटावर उघडतो.

मराठवाड्यात या पद्धतीला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे लातूरच्या हरंगुळची मराठवाडा रेल कोच फॅक्टरी. तिची पायाभरणी ३१ मार्च २०१८ ला झाली आणि २५ डिसेंबर २०२० ला डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. वंदे भारत स्लीपर गाड्यांसाठी २०२३ मध्ये हीच फॅक्टरी नेमली गेली. आजच्या एलएचबी जातीच्या रेल्वे डब्यात बाजूच्या भिंती चुंबकाला चिकटणाऱ्या फेरिटिक स्टेनलेसच्या, छत न चिकटणाऱ्या ऑस्टेनिटिकचं, तर खालच्या चौकटीत गंजरोधक कॉर्टेन पोलाद. म्हणजे जोड सतत दोन वेगळ्या जातींचा. पण प्रत्येक पत्र्यासोबत त्याच्या रसायनाचा दाखला येतो आणि तार कोणती, करंट किती, हे वेल्डिंग प्रोसिजरच्या कागदावर आधीच ठरलेलं असतं. निवडीचं काम इंजिनिअरने टेबलावर उरकलेलं असतं. वेल्डरने तो कागद तंतोतंत पाळायचा.

नांदेड-लातूरच्या रस्त्यांवरच्या ट्रॉली आणि अवजारांच्या वर्कशॉपांत असा दाखला कुठून येणार? शेतकरी नांगराच्या फाळाला जुन्या ट्रकच्या पाट्याचा तुकडा जोडून मागतो. ॲपची पहिली चौकट असते ‘मूळ धातू’, आणि तीच भरता येत नाही. मग मिस्त्री तुकडा ग्राइंडरला लावतो. लांब, सरळ ठिणग्या आल्या तर साधं लोखंड. टोकाला दाट फुलबाज्या फुटल्या तर कार्बन जास्त. पाट्यात तो साधारण अर्धा टक्का असतो, म्हणून ६०१३ ने जोडला तर तडा जोडात न पडता त्याच्या शेजारी पडतो. तिथे भट्टीत सुकवलेला ७०१८ घ्यायचा, तुकडा आधी तापवायचा आणि नंतर राखेत गाडून सावकाश निववायचा. धातू अजिबात ओळखू येत नसेल तर जाणकार ३१२ क्रमांकाचा स्टेनलेस रॉड काढतात. २९ टक्के क्रोमियम आणि ९ टक्के निकेलमुळे शेफलरच्या नकाशात त्याची जागा अशी आहे, की त्यात परका धातू बराच मिसळला तरी जोड सहसा तडकत नाही. मात्र हा रॉड ६०१३ च्या कितीतरी पट महाग. त्यामुळे पेरणी तोंडावर आलेल्या फाळाला बहुधा ७०१८ आणि राखच मिळते.